बोळवणीतली लिंबोणी

तरुणपणी मी फार हुशार होते. पुढं वयानं हा आजार बरा झाला, पण तोवर त्याचा त्रास दुसऱ्यांना होऊन गेला होता.

परवा नातीनं जुना फोटो शोधून काढला. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, डोळ्यांवर गॉगल, काखेत फायली, आणि चेहरा असा, की तालुक्यातल्या सगळ्या जंतूंनी माझी परवानगी काढूनच हिंडावं. नात म्हणाली, "आजी, तू कसली खडूस दिसतेस गं!" म्हटलं, "दिसते कुठली, होतेच."

मी लिंबांच्या रोगावर काम करत असे. केंद्राचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, पाटीची नव्हती. रोग झाल्यावर औषध सांगणारे लोक वेगळे. माझं काम त्याच्या आधीचं. रोग अजून जिथं पोचलेला नाही तिथं तो पोचेल का, पोचलाच तर कुठल्या वाटेनं, हे आगाऊ सांगायचं. माझी आई आमच्या सांगवीच्या बायकांना सांगायची, "आमची पोरगी रोगाचं भविष्य बघती." मला भयंकर राग यायचा. आता वाटतं, इतक्या वर्षांत माझ्या कामाचं एवढं नेमकं वर्णन दुसऱ्या कुणी केलं नाही.

रोगाचं नाव खैऱ्या. कागदी लिंबाच्या पानावर, काडीवर, फळावर तपकिरी, खरबरीत, उठावाचे डाग पडतात आणि पानावर डागाभोवती पिवळं कडं दिसतं. बोट फिरवलं तर खरूज लागावी तसं लागतं. झाड यानं मरत नाही. पण डागाळलेलं लिंबू बाजारात कुणी हातात धरत नाही, आणि डागाळलेलं रोप तर कुणी फुकट दिलं तरी नेत नाही. याचा जंतू इतका बारीक की भिंगातूनही दिसत नाही. भिंग मी मुख्यतः रुबाबासाठी बाळगायचे. पावसाचा थेंब डागावर पडून उडतो, त्याबरोबर जंतू शेजारच्या पानावर जातो. वारा असला की आणखी लांब जातो. नागअळीनं पान पोखरलेलं असलं किंवा काट्यानं ओरखडलेलं असलं की त्याला आत शिरायला दार उघडंच मिळतं. आणि फार लांब जायचं असलं तर तो माणसाच्या हातानं जातो.

हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक गावात मोठ्या आवाजात सांगायचे. त्यातला माणूस म्हणजे पुरुष, असं माझ्या मनात कुठं तरी पक्कं बसलेलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पणदऱ्यात खैऱ्या जुना होता. तिथं मी बागेच्या फाटकाशी जंतुनाशकाची बादली ठेवायची पद्धत सुरू केली. आत जाताना हात धुवायचे, चपला बुडवायच्या, निघताना पुन्हा तेच. एका बागेचे मालक होते, तात्या म्हणायचे त्यांना. तात्यांनी पाच-सहा माणसांदेखत हात धुतले, पाय धुतले, हातातली काठीसुद्धा बुडवून काढली आणि मला म्हणाले, "मॅडम, आमचं सगळं झालं. आता तुमच्या पदराचं काय करायचं? सकाळधरनं चार बागांतलं दव पुसत आलाय त्यो."

माणसं हसली. मी ताठ मानेनं म्हणाले, "पदरातून काही जात नाही."

"न्हाय कसं? जंतूला काय कळतंय, ह्यो मॅडमचा पदर हाय म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचून जायला लागले, आणि जन्मापासून खोचतच आल्यासारखा चेहरा ठेवला. तात्यांचं बरोबर होतं, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. चूक मनात मान्य करायची, उघड नाही, ही सवय मला तेव्हाच लागली असावी.

तर एका वर्षी इंदापूर तालुक्यात शेततळी होऊ लागली होती आणि जिरायती रानांत लिंबू लावायची लाट आली होती. नव्या भागात रोग शिरायच्या आत धोका मोजायचा, हे काम माझ्याकडे आलं. मी तक्ता केला. पाऊस किती, वारा कुठून, नागअळी आहे का, बांधावर वारा अडवायला शेवरी आहे का, रोपं कोणत्या रोपवाटिकेतून आणली. तक्त्यात वरच्या बाजूला लिहिलं होतं, 'माहिती देणाऱ्या खातेदाराचं नाव'. खातेदार म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा. तो ओट्यावर यायचा, मला खुर्ची द्यायचा, चहा सांगायचा. चहा आतून यायचा. आणणारीला मी "बस्स, अर्धाच" एवढंच म्हणायचे.

खुर्चीबद्दल एक सांगायला हवं. आमच्या घरातली नोकरी करणारी मी पहिली बाई. माझ्या आजीला अशाच ओट्यांखाली उभं राहून ओंजळीत वरून पाणी घ्यावं लागलेलं. धर्म बदलला, वडील मास्तर झाले, मी शिकले, आणि आता त्याच ओट्यांवर माझ्यासाठी खुर्ची मांडली जायची. त्या खुर्चीवर बसल्यावर उठून घराच्या मागं जाऊन बघावं, असं मला एकदाही वाटलं नाही. मागं बायका असतात. आणि मी तर कामाला आले होते!

सगळे तक्ते भरून झाल्यावर मी नकाशा रंगवला. तांबडं म्हणजे रोग आहेच, पिवळं म्हणजे सावध राहा, हिरवं म्हणजे भीती नाही. निरवांगी हिरवी आली. पाऊस कमी, पणदऱ्यापासून लांब, मधे मैलोन्‌मैल ऊस. वारा येऊन येऊन येणार कुठून? वाऱ्याला मी फूटपट्टीनं अडवून ठेवलं.

निरवांगीत आबा होते. मोजकं बोलणारे, जाड भिंगाचा चष्मा. त्यांची लिंबाची झाडं इतकी देखणी होती, की त्यांच्या बियांपासून रोपं करून साऱ्या नव्या भागाला द्यावीत असं आमच्या केंद्रानं ठरवलं. आबांनी मला खुर्चीवर बसवून विचारलं, "मॅडम, रोपाचा धंदा म्हंजी विश्वासाचा. एक डाग निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येत न्हाय. करू का नको? तुमी म्हणाल तसं."

"करा आबा. निरवांगीला काही होत नाही."

"शब्द?"

"शब्द."

त्यांनी ऊस मोडून घरामागं सावलीची जाळी टाकली आणि पिशव्यांत रोपं धरली. पुढच्या पावसाळ्यात मधले दोन आठवडे वारं आणि पाऊस सोबतच येत होते. मग आबांचा निरोप आला, "मॅडमला म्हणावं, लगोलग या."

जाळीखाली गेले. भिंग लागलंच नाही. पहिल्या रांगेतल्या रोपांवर डाग होते, दुसऱ्या रांगेत होते, पार मधल्या वाफ्यापर्यंत होते. शेवटच्या रांगा स्वच्छ दिसत होत्या, पण तेही आठ दिवसांचंच सुख असतं. आबा माझ्याकडे बघत होते. मी रोपांकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठं बघायची सोय नव्हती.

डाग एका कडेनं दाट आणि पुढं विरळ होत गेले होते. म्हणजे रोग त्या कडेकडून आला. मी उलट्या दिशेनं चालत गेले. जाळी संपली, मग गोठ्याची भिंत, मग न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं, धुण्याच्या दगडाशेजारी, कमरेएवढी एक लिंबोणी उभी होती. हिरवीगार, जोमदार. आळं नीट केलेलं, रोजच्या पाण्यावर पोसलेली. पान उलटलं. खैऱ्या. जुना, चांगला मुरलेला.

"ही कुठून आली?" मी विचारलं.

आबांची सून दारात उभी होती. छाया तिचं नाव. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. ती म्हणाली, "माझ्या माहेरची. बोळवणीत आईनं दिली."

बोळवण म्हणजे लेक सासरी निघताना माहेरची माणसं तिला जे देऊन पाठवतात ते. लुगडं, खण, लाडवांचा डबा. त्यात हे रोप.

"माहेर कुठलं?"

"पणदरे."

माझ्या तक्त्यात पणदरे ते निरवांगी ही वाट नव्हती. वारा तिथून येत नव्हता, रोपवाटिकेची गाडी येत नव्हती. सोयरीक येत होती. ती मी कुठल्याच रकान्यात विचारली नव्हती. माझी पाहणी झाली त्या दिवशी ही लिंबोणी तिथंच उभी होती, आणि मी वीस पावलांवर ओट्यावर बसून अर्धा चहा पीत होते.

पण खरी गोष्ट याहून वाईट आहे. छायाच्या लग्नाच्या आधी काही महिने आमच्याकडे झाडं लावण्याची मोहीम होती. पणदऱ्याच्या शाळेच्या पटांगणात बायकांची सभा भरली होती. माइक माझ्या हातात होता. मला टाळ्या फार आवडायच्या. बोलता बोलता मला सुचलं आणि मी सुचलं तसं बोलून टाकलं, "लेकीच्या बोळवणीत साडीबरोबर एक रोप द्या. लेक तिकडं रुजेल तसं रोपही रुजेल." बायकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या, की मी ते वाक्य परत एकदा म्हटलं. पणदऱ्यात. जिथं घरटी लिंबोणी आणि लिंबोणीगणिक खैऱ्या, हे मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. सभेतली मी आणि तक्त्यातली मी यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

धुण्याच्या दगडापाशी ती पडली.

तेवढ्यात छायाची सासू बाहेर आली. तिला काय झालं ते कळायला फार वेळ लागला नाही. "म्हंजी हिच्या माहेरनं आलं व्हय? मी तवाच म्हणत हुते, काय ती काटेरी बोळवण! घर बुडवायला रोग घेऊन आली की गं तू! आईनं दुसरं काय दिलं न्हाय, रोग तेवढा दिला!"

छायानं एकदा माझ्याकडे बघितलं. तिचा नवरा गोठ्याशी उभा होता. त्या घरात आईपुढं बोलायची रीत नव्हती. आबांनी विचारलं, "मॅडम, ह्यातनंच आलं का?"

आता मला सांगायचं होतं, "यातनंच आलं, पण हिला बोलू नका. हे रोप द्यायला मी सांगितलं होतं." दोन वाक्यं. मी त्यातल्या पहिल्याचं अर्धं म्हणाले. "हो, यातनंच आलं." आणि थांबले.

मनात काय काय आलं ते सांगते. बढतीचे कागद वर गेले होते, ते आठवलं. ओट्यावरची खुर्ची आठवली. उद्या कुणी तरी म्हणेल, असल्यांना नोकऱ्या दिल्या की असंच होणार, हेही आलं. त्या भीतीला आधार होता, ती खोटी नव्हती. पण तिच्याआड मी दडले, हेही खोटं नाही. आणि छाया मला ओळखत नसणार, सभेत शेकड्यानं बायका होत्या, असं मनाला सांगून मी मोकळी झाले.

रोपं जाळली. सगळी. आबांनी स्वतः पिशव्या फोडून ढीग लावला, कुणाला हात लावू दिला नाही. ओली रोपं धड पेटत नव्हती, नुसतीच धुमसत होती. मोठ्या झाडांच्या फांद्या पार खोडापर्यंत छाटून मोरचूद-चुन्याची फवारणी केली. झाडं जगली. निघताना आबा मला एवढंच म्हणाले, "शब्द तुमचा हुता मॅडम, पर पाऊस कुठं तुमच्या हातात हाय." माझी समजूत घालत होते! मी मान हलवली. पावसावर ढकललेलं मी चालवून घेतलं.

अहवालात मी लिहिलं, 'प्रसाराचे कारण – रोपांची अनौपचारिक वाहतूक.' किती छान वाक्य आहे. त्यात पणदरे नाही, निरवांगी नाही, माइक नाही. पुढच्या तक्त्यात मी नवा प्रश्न घातला, 'घरातील स्त्रियांनी माहेराहून वा नात्यातून आणलेली झाडे'. आणि घरामागची पाहणी सक्तीची केली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. बाईमाणूस असल्यामुळे हे सुचलं, असंही म्हणाले. मी लाजून हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तो प्रश्न घेऊन पुढं मी गावोगाव घरांच्या मागं हिंडले, आणि तिथं काय काय सापडलं! मावशीनं दिलेली मोसंबी, नणंदेकडून आलेला कढीपत्ता, डोहाळजेवणाला मिळालेलं ईडलिंबू. प्रत्येक झाडाचं गाव बायकांना तोंडपाठ. नव्या भागात रोग कुठून येईल, याचा खरा नकाशा त्यांच्याजवळ तयार होता. कुणी तरी जाऊन विचारायचं बाकी होतं.

निरवांगीला मात्र मी जायचं टाळलं. तिथली खबर कानावर यायची. सासूनं फाटकाशी बादली ठेवली होती. माझीच पद्धत. "मॅडमनी सांगितलंय, पणदऱ्याचं कायबी आत येऊ द्यायचं न्हाय." लाडवांचा डबा बाहेर, साडीची पिशवी बाहेर. त्यानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला छायाचा भाऊ दिलीप आला, तर त्याला पिशवी कुंपणाबाहेर ठेवून हातपाय बुडवायला लावले, चार माणसांच्या देखत. तो म्हणाला, "आमी काय महारोगी हाय का?" ओवाळून न घेता तसाच माघारी गेला. पुढच्या वर्षी आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. छायाची आई गेली तेव्हा ती दोन दिवस जाऊन आली म्हणतात; त्यानंतर पणदरे संपलं.

जंतूला अडवायचे सगळे उपाय मी त्या घराला शिकवले होते. ते माणसांना लावू नका, हे सांगायला गेले नाही. गेले असते तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं मी नातवंडांना खोड्या शिकवण्यात घालवली. या उन्हाळ्यात धीर करून निरवांगीला गेले. आबा कधीच गेले होते. छायाचे केस पिकलेत. तिनं मला ओट्यावर बसवलं नाही. "मागं या, हितं उकडतंय," म्हणाली. मागं धुण्याच्या दगडावर आम्ही दोघी बसलो. मी पाठ करून आलेलं सगळं एका दमात सांगितलं. सभा, माइक, टाळ्या, गप्प बसणं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"सभेला मी पहिल्याच रांगेत हुते. घरी जाऊन आईला मीच सांगितलं, मॅडम म्हणत्यात रोप द्या. आईला तर लुगड्यातच भागवायचं हुतं." ती जराशी हसली. "तुमी दोनदा म्हणला ते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस गं?"

"बोलून काय झालं असतं? सासूबाई म्हणल्या असत्या, सभेला जायाची काय गरज हुती!"

मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती हसायची थांबली. "आन मी वाट बघत हुते, मॅडम. म्हटलं, आज न्हाय बोलल्या, उद्या येऊन बोलतील. तुमची गाडी रस्त्यानं गेली की मी दारात यायची. लई दिवस."

मी तिला विचारलं, "मी हे लिहू का? दिवाळी अंकात?"

"लिहा. पर 'एका गावात एक सून होती' असलं लिवू नका. तसलं मला बी लिवता येतं. नाव लिवा, गाव लिवा."

तर लिहिते. निरवांगीच्या आबांच्या रोपवाटिकेत खैऱ्या आला तो पणदऱ्याच्या रोपातून, हे खरं. ते रोप छायाच्या हातात आलं ते माझ्या सांगण्यावरून. छायाचा दोष नाही, तिच्या आईचाही नाही. रोप देण्याआधी पानं उलटून बघा, एवढं सांगायला मी विसरले. आणि सांगणारी मी होते, हे सांगायला विसरले नव्हते, गप्प बसले होते. छायाच्या सासूबाई गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वारल्या. त्यांनी हे ऐकायला हवं होतं. मी वेळेवर बोलले असते तर त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि सुनेला माहेर राहिलं असतं.

दिलीपराव, तुम्ही पणदऱ्यातच असता हे मी काढलंय. रोगांच्या वाटा शोधण्यात आयुष्य गेलं, माणसाचा पत्ता शोधायला कितीसा वेळ लागणार? तुम्हाला फाटकाबाहेर उभं करणारे नियम माझे होते. राग धरायचा तर माझ्यावर धरा, मी सांगवीला असते. संपादकांकडून दोन अंक आधीच मागून घेतलेत. एक छापून आल्या दिवशी तुमच्याकडे पोचेल, भाऊबीजेला तेव्हा चार-सहा दिवस असतील. दुसरा निरवांगीला मी भाऊबीज उलटून गेल्यावर पाठवणार आहे. तुमचं यायचं ठरो न ठरो, तिला पुन्हा दारात उभं राहून रस्त्याकडे बघत बसायला लागू नये.